नेहमीचाच दिवा

"वहिनी, तो दिवा नेहमीचाच आहे. त्याच्याकडं बघायचंच नाही!"

गाडीची चावी माझ्या हातात देताना आमचे धाकटे दीर हे वाक्य हमखास म्हणायचे. आणि मीही बघत नव्हते. आमची गाडी २०१४ सालची, पेट्रोलवरची. बचत गटाची बैठक, विट्याचं आरोग्य शिबिर, कुणाला कराडला दवाखान्यात न्यायचं, सगळं तिच्यावरच. स्टिअरिंगपुढच्या काट्यांमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा चार महिने जळत होता. गाडी चालतेय ना, मग झालं!

दुर्लक्ष केलं असंही नाही. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा एका गॅरेजात दाखवलं. त्यांनी प्लग बदलले, बॅटरीची वायर थोडा वेळ काढून परत लावली. दिवा गेला. आम्ही खूश. आठवड्यात पुन्हा हजर! दुसऱ्या ठिकाणी "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" म्हणाले. साडेतीन हजार मोजले. पुन्हा दहा दिवस सुखाचे. तिसऱ्या वेळी एकानं तर सांगितलं, "बल्बच काढून टाकू का? डोक्याला ताप नको."

तेवढं मात्र आम्ही केलं नाही, हे नशीबच म्हणायचं.

जानेवारीतली गोष्ट. शेजारच्या लेकीला कराडच्या दवाखान्यातून घरी आणायचं होतं. सिझर झालेलं, बाळ सहा दिवसांचं. निघता निघता अंधार पडला. सुर्लीच्या घाटात पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं ट्रक. चढाला गाडी आचके देऊ लागली. अॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही. आणि तो 'नेहमीचा' दिवा आता उघडझाप करू लागला. मागच्या सीटवर बाळाची आजी पुटपुटत होती, बाळंतीण प्रत्येक हिसक्याला पोट धरत होती. कशीबशी कडेला घेऊन गाडी बंद केली. कडेगावातून दिरांनी दुसरी जीप आणेपर्यंत तासभर गेला. बाळाला तीन शालींत गुंडाळलं होतं, पण माझ्याच अंगाचं पाणी पाणी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीतल्या एका तरुण फिटरला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. "काकू, दिवा काय म्हणतोय ते आधी वाचू, पार्ट मग बदलू," म्हणाला आणि स्टिअरिंगखालच्या खाचेत काडेपेटीएवढं यंत्र खोचलं. मोबाईलवर अक्षरं उमटली: पी ०३०३.

२०१३ पासूनच्या बहुतेक गाड्यांना ही खाच असते. गाडीतला संगणक बिघाड दिसला की दिवा लावतो आणि त्याचा क्रमांक आठवणीत ठेवतो. बिघाड झाला तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, हेही टिपून ठेवतो. आमच्या क्रमांकाचा अर्थ असा, की तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. बॅटरीची वायर काढली की दिवा जातो, पण ही सगळी नोंदही पुसली जाते. म्हणजे रोग तसाच, केसपेपर तेवढा फाडला!

पण क्रमांक म्हणजे निदान नव्हे, हेही त्यानंच सांगितलं. तिथं प्लग, कॉईल, पेट्रोल सोडणारा इंजेक्टर, काहीही असू शकतं. मग त्यानं केलेली युक्ती मला फार आवडली. तिसऱ्या सिलिंडरवरची कॉईल काढून पहिल्यावर बसवली, पहिलीवरची तिसऱ्यावर. "चला, चढाला नेऊ." गाडी आचके द्यायला लागताच त्यानं कडेला थांबवली. आता क्रमांक आला पी ०३०१! दुखणं कॉईलबरोबर जागा बदलून गेलं होतं. म्हणजे चोर तीच. थंड असताना बरी चालायची, तापली आणि ओझं पडलं की ठिणगी चुकायची. म्हणून गावातल्या गावात काही कळत नव्हतं.

मग तो ऑक्सिजन सेन्सर? तो चांगलाच होता बिचारा. न पेटलेल्या सिलिंडरमधली हवा तशीच धुरात येत होती. "इथं ऑक्सिजन जास्त आहे," असं तो खरंच सांगत होता. खरं बोलणाऱ्यालाच आपण घराबाहेर काढलं! नवी कॉईल सोळाशे रुपयांना आली.

मैत्रिणींनो, त्यानं सांगितलेल्या चार गोष्टी तुम्हीही लक्षात ठेवा. चावी फिरवल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुनी गाडी घेताना तो लागलाच नाही तर समजा, कुणीतरी दिवा लपवलाय. पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी चालवता येते, पण लवकर दाखवा. उघडझाप करत असेल तर वेग कमी करा, जपून कडेला घ्या, कारण न जळालेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या महागड्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळू शकतं. आणि ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर थांबाच. गॅरेजात गेल्यावर "दिवा घालवा" म्हणू नका. "क्रमांक काय आला?" असं विचारा आणि तो वहीत लिहून ठेवा. बाई माणसाला काय कळतंय, असं म्हणणाराही मग जरा सावरून बोलतो.

परवा बचत गटात हे सांगत होते, तर एक जण हसून म्हणाली, "ताई, माझंबी तसंच आहे. जिना चढला की धाप लागते. नेहमीचंच आहे ते." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. टॉनिकची बाटली तिनं दुकानातून दोनदा आणली होती, रक्त मात्र एकदाही तपासलं नव्हतं.

येत्या सोमवारी तिला घेऊन तपासणीला निघालेय. गाडी आता चढाला कुरकुरत नाही, दिवाही लागत नाही. पण चावी फिरवली की मी रोज आधी त्याच्याकडंच बघते.