कपाशीला युरिया किती, ओळीत अंतर किती? समजून घ्या एकरी हिशेब

जळगाव : कपाशी डोक्याएवढी वाढली, शेत हिरवंगार दिसतं, पण बोंडं मोजायला गेलं तर झाडावर फारशी नाहीत. काळ्या कसदार जमिनीत असं झालं की कारणं बऱ्याचदा दोनच असतात. युरिया जास्त आणि ओळी जवळ.

नत्र काय करतं?
नत्रामुळे पानं-फांद्या वाढतात. कमी पडलं तर झाड खुरटतं, पानं पिवळी पडतात, पुढे लाल्याही येतो. जास्त झालं तर झाड नुसतं माजतं. बोंडं उशिरा धरतात. लुसलुशीत पानांवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी जमते. हंगाम लांबला की गुलाबी बोंडअळीचंही फावतं.

एकरी हिशेब
बागायती बीटी कपाशीला हेक्टरी 125 किलो नत्र, 65 किलो स्फुरद, 65 किलो पालाश अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी 50 किलो नत्र. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असतं, डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 9 किलो. लागवडीवेळी एक गोणी डीएपी, मग 30 आणि 60 दिवसांनी एकेक गोणी युरिया दिला की नत्र पुरं होतं. पालाश वेगळं द्यावं. कोरडवाहूला मात्रा कमी लागते. युरिया वापशावर द्या आणि मातीआड करा. वरच पडला तर त्यातलं नत्र हवेत उडतं.

अंतर कसं ठरवायचं?
चार बाय दीड फुटावर एकरी 7,260 झाडं बसतात, तीन बाय एक फुटावर 14,520. भारी बागायती जमिनीत झाड पसरतं, तिथे अंतर जास्त हवं. नाहीतर ओळी मिटतात, खाली ऊन-वारा पोचत नाही, पातेगळ होते, बोंडं सडतात. हलक्या कोरडवाहू जमिनीत झाड लहान राहतं, तिथे जवळची लागवड चालते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची 90 बाय 15 सेंटिमीटरची सघन लागवड अशाच जमिनीसाठी आहे. त्यात एकरी सुमारे 30 हजार झाडं बसतात. मात्र वाढ रोखायला मेपिक्वाट क्लोराईडची फवारणी सल्ल्याने करावी लागते.

झाडं दुप्पट झाली म्हणून युरिया दुप्पट करायचा नसतो. 60 दिवसांची गोणी फोडण्याआधी शेतात फिरून बघा. ओळी मिटल्या असतील, पानं गडद हिरवी असतील, तर हात आखडता घ्या. माती परीक्षण केलेलं असेल तर मात्रा त्याच अहवालावरून ठरवा.