भीक नको म्हणणाऱ्यांची चार दशके

शेतकरी आंदोलन म्हटले की आज कर्जमाफी, अनुदान आणि मदतीचे पॅकेज डोळ्यांपुढे येते. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली ती याच्या नेमके उलट सांगत: ‘भीक नको, हवे घामाचे दाम.’

संघटनेचे संस्थापक शरद जोशी १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधली जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन राबू लागले. पीक उत्तम येऊनही वर्षाचा हिशेब तोट्यातच का जातो, हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर सरकारी वहीत होते. कांद्याला भाव चढू लागला की निर्यातबंदी, तांदळावर लेव्ही, उसाला झोनबंदी, आणि महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी. शेतकऱ्याला खत-विजेत जे सूट म्हणून मिळत होते, त्याहून जास्त भाव पाडून काढून घेतले जात होते. याला त्यांनी ‘उणे सबसिडी’ म्हटले. मग सरकारकडे मागायचे काय? एवढेच, की आमच्या मालावरचा हात काढा.

१९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात उसाला टनामागे ३०० रुपयांसाठी रस्ते आणि रेल्वे अडल्या, पुढच्या वर्षी निपाणीत तंबाखू उत्पादक महामार्गावर ठाण मांडून बसले. दोन्ही ठिकाणी गोळीबारात माणसे गेली. रास्त भाव मागणे म्हणजे सरकारनेच भाव ठरवणे नव्हे काय, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. त्यात तथ्य होते, आणि सुरुवातीच्या घोषणांत ती संदिग्धता राहिली हे मान्य करायला हवे. ती मिटली नव्वदीच्या दशकात. जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला डावे आणि उजवे एकसुरात विरोध करत असताना जोशींनी खुल्या बाजाराची बाजू घेतली. टाळ्या मिळवून देणारी ही भूमिका नव्हती. राजाजींच्या स्वतंत्र पक्षाचा वारसा सांगत १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, पण निवडणुकीत त्याने बाळसे धरले नाही.

माझ्या मते या चळवळीची खरी कसोटी मात्र बाजारात नव्हे, घरात लागली. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, लाखोंच्या संख्येने बाया जमल्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला: शेतकऱ्याने जमिनीचा एक तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावे करावा. कायद्याचा बडगा नाही, अनुदान नाही. ज्या गावात शंभर घरे असे करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव, आणि त्याचा सत्कार. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते केले. सातबाऱ्यावरचे नाव सोडणे किती जड जाते हे गावात राहिलेल्यालाच कळते. सरकारने आपल्या कष्टावरचा हक्क सोडावा असे म्हणणाऱ्याने आधी घरातला अन्याय मोडावा, ही अपेक्षा कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठी होती. आजच्या आंदोलनांत ती मला कुठेच दिसत नाही, आणि याचे वाईट वाटते.

२०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध पडलेले एकमेव मत जोशींचे होते. त्यांना विरोध होता तो फिरत्या राखीव मतदारसंघांच्या रचनेला. चांदवड भरवणाऱ्या माणसाने हे करावे याचा अनेकांना धक्का बसला. तो निर्णय पटो न पटो, वारा पाहून मत द्यायचे नाही हा त्यांचा स्वभाव त्यातही होता. १२ डिसेंबर २०१५ रोजी ते गेले.

संघटनेच्या पुढच्या फळीने जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीर गावी परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापूस बियाणे उघडपणे पेरले. तुरुंगवास आणि दंड, दोन्हींची तरतूद असलेला कायदा त्यांनी जाणूनबुजून मोडला. मागणी होती बियाणे निवडण्याच्या मोकळिकीची.

कांद्याची कथा तर अजून तिथेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिले. ते पुढे २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेले. या दीड वर्षात बुडालेल्या भावाची भरपाई मागणारे आवाज पुष्कळ होते. पुन्हा असा हात घालायचा अधिकारच सरकारकडे नको, असे म्हणणारे थोडे.