झोपेतून उठलेला संगणक आणि बिघडलेले रंग

लग्नाच्या अल्बमसाठी छायाचित्रांची रंगदुरुस्ती चालू असताना जेवणासाठी तासभर उठावे, तेवढ्यात संगणक 'स्लीप'मध्ये जावा आणि परतल्यावर पडद्यावरील साऱ्याच चित्रांवर निळसर झाक दिसावी, हा अनुभव स्टुडिओ व छपाई व्यवसायातील अनेकांना परिचयाचा आहे. झाक चित्रात आहे की पडद्यात, हे डोळ्यांना ठरविता येत नाही. दोष चित्रातच आहे असे समजून पिवळेपणा वाढविला, तर छापून आलेल्या अल्बममध्ये नवरीची मोरपंखी पैठणी हिरवट दिसते. तोवर छपाईचा खर्च होऊन गेलेला असतो.

या घोटाळ्याचे मूळ मॉनिटरच्या रंगप्रोफाइलच्या रचनेत आहे. रंगमापक उपकरण पडद्यावर टेकवून तयार केलेल्या या फाइलमध्ये दोन स्वतंत्र गोष्टी असतात. पहिली म्हणजे मॉनिटर कोणता रंग कसा दाखवितो याचे वर्णन. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने त्याचा नमुना ठरविला असून फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर त्याच्या आधारे रंगांचा हिशेब करतात. दुसरी गोष्ट म्हणजे लाल, हिरवा व निळा या तीन रंगांच्या दुरुस्तीची सारणी. ही सारणी फाइलमधून उचलून ग्राफिक्स कार्डमध्ये भरावी लागते.

संगणक झोपी गेला की सर्वसाधारणपणे कार्डाचा वीजपुरवठा तुटतो आणि सारणी पुसली जाते. जागे होताना काही ड्रायव्हर ती परत भरतात, काही भरत नाहीत. फाइल मात्र जागेवरच असते. त्यामुळे सेटिंगमध्ये प्रोफाइलचे नाव पूर्वीसारखेच झळकते आणि फोटोशॉपही दुरुस्ती लागू आहे असे गृहीत धरून रंग मोजत राहते. संगणक चूक झाल्याची कोणतीही सूचना देत नाही, हीच यातील खरी अडचण होय.

विंडोजमध्ये ही सारणी स्वतःहून भरण्याची सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. 'कलर मॅनेजमेंट'मधील 'ॲडव्हान्स्ड' विभागात 'चेंज सिस्टिम डिफॉल्ट्स' उघडून, तेथील 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'यूज विंडोज डिस्प्ले कॅलिब्रेशन' या ओळीवर खूण करावी लागते. याच ठिकाणी सारणी पुन्हा भरण्याचे 'रिलोड करंट कॅलिब्रेशन्स' हे बटणही आहे. ते दाबताच झाक गेली, तर निदान पक्के झाले. मात्र हे काम पार पाडणारे 'कॅलिब्रेशन लोडर' मुख्यतः लॉग-इनच्या वेळी चालते. झोपेतून उठणे म्हणजे लॉग-इन नव्हे. 'टास्क शेड्युलर'मधील 'विंडोज कलर सिस्टिम' या कप्प्यात जाऊन, संगणकाचे कुलूप उघडताच हे काम चालावे असा 'ट्रिगर' जोडता येतो. डिस्प्लेकॅल या मोफत सॉफ्टवेअरचा लोडर तर सारणीवर सतत नजर ठेवतो व ती बदलल्यास पुन्हा भरतो. असे दोन-तीन लोडर एकाच वेळी चालविण्याचा उत्साह मात्र टाळलेला बरा. ते एकमेकांचे काम पुसतात.

बटण दाबूनही फरक पडला नाही, तर संशय अन्यत्र न्यावा लागतो. रात्री पडदा पिवळसर करणारे 'नाइट लाइट' चालू आहे का, हे प्रथम पाहावे. ते व रंगप्रोफाइल यांचे भांडण जुने असून, २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीत दोन्ही काही प्रसंगी लागू होत नसल्याचे मायक्रोसॉफ्टने स्वतःच मान्य केले होते. काळा रंग राखाडी दिसत असेल, तर एचडीएमआय जोडणीने रंगांची 'फुल' मर्यादा सोडून 'लिमिटेड' धरलेली असण्याचा संभव असतो. त्याचा प्रोफाइलशी संबंध नाही. दोन मॉनिटर असल्यास प्रत्येकाला त्याचेच प्रोफाइल जोडलेले आहे ना, हेही तपासावे, कारण झोपेत डिस्प्लेपोर्टवरील मॉनिटर निघून गेल्याचे संगणक समजू शकतो.

पडदा नुकताच उजळला असेल, तर लगेच निर्णय देऊ नये. मॉनिटरला स्थिरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो. राखाडी रंगाची काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी झोपेपूर्वी व नंतर पाहिली, तर चित्रापेक्षा तीत झाक लवकर पकडता येते.

छपाईसाठी बनविलेल्या काही महागड्या मॉनिटरांत दुरुस्तीची सारणी मॉनिटरमध्येच साठविलेली असते. तेथे संगणक कितीही वेळा झोपला तरी ती पुसली जात नाही. ज्यांना तो खर्च परवडत नाही, त्यांनी अल्बमचे काम चालू असेपर्यंत 'स्लीप' बंद ठेवून केवळ पडदा बंद होऊ द्यावा.