लव्हाळ्यावर व्हिनेगर

पावसाळ्यात अंगणातल्या फरशीच्या फटीतून लव्हाळा वर येतो, आणि कुणीतरी हमखास सांगतं: व्हिनेगर, मीठ आणि भांडी घासायचा साबण एकत्र करून फवारा. मी फवारलं. दुपारच्या उन्हात संध्याकाळपर्यंत पाती तपकिरी झाली. आठ-दहा दिवसांत तिथेच हिरवे कोंब! खुरप्याने खणलं तर दोऱ्यासारख्या मुळांना काळपट, सुगंधी गाठी लागलेल्या. हाच आपला नागरमोथा.

स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसिटिक आम्ल साधारण ४ ते ५ टक्के असतं. ते लागेल तिथली पेशी फोडतं. गाठीपर्यंत पोचत नाही. कोवळ्या, बियांपासून उगवलेल्या तणावर ते चालतं. मीठ मात्र मातीतच राहतं आणि पुढे तुमचा मोगराही सुकवतं. वाफ्यात ते कधीच घालू नये.

बाजारातलं ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून शिरून अन्नरसाबरोबर मुळापर्यंत उतरतं आणि वनस्पतीला लागणारी काही अमिनो आम्लं बनवणारं विकर बंद पाडतं. आपल्या शरीरात ते विकर नसतं. पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही: २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं. इतर काही नियामक संस्थांना ते पटलेलं नाही. भारतात ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने त्याची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित केली.

घरच्या अंगणासाठी माझं मत खुरप्याच्याच बाजूने आहे. पाऊस पडून गेल्यावर, माती भुसभुशीत असताना, गाठीसकट उपटा. फटींमध्ये उकळतं पाणी ओता, पुन्हा फुटलं की पुन्हा ओता.