गोग्रास आणि वैरण

आमच्या गिरगांवांत शेतें आतां नांवांपुरतींच उरलीं आहेत. खेतवाडींत खेत नाहीं, मुगभाटांत मुगाची शेंग दृष्टीस पडत नाहीं. आंबेवाडी, केळेवाडी, फणसवाडी, कांदेवाडी यांचीही तीच गत. चर्नी रोडच्या स्टेशनावर नित्य उतरणाऱ्या मंडळींपैकीं कितीकांस त्या नांवांतील 'चरणी' ऐकूं येत असेल? इ. स. १८३८ मध्यें इंग्रज सरकारनें चराईचा कर बसविला, तेव्हां तो देण्याचें त्राण नसलेल्या गोरगरिबांच्या गुरांसाठीं सर जमशेटजी जीजीभाई यांनीं पदरचे २०,००० रुपये घालून ठाकुरद्वाराजवळचीं समुद्रकांठचीं कुरणें विकत घेतलीं, अशी त्या नांवामागची परंपरागत हकीकत आहे. कुरणें गेलीं, नांव तेवढें आगगाडीच्या स्टेशनाला चिकटून राहिलें. अशा या गिरगांवांत, शके १९४२ च्या वसंतांत, आमच्या वाडीच्या मागील अंगणांत एक गोठा नांदला. त्याचीच ही हकीकत आहे.

त्या वर्षींचा पाडवा २५ मार्च २०२० रोजीं आला, आणि देशभरची टाळेबंदीही त्याच दिवशीं सुरू झाली. लोकल गाड्या दोन दिवस आधींच थांबल्या होत्या. गिरगांवची शोभायात्रा निघाली नाहीं. गुढी उभारून आम्ही गॅलरींत आलों, तों खालचा रस्ता इतका निर्मनुष्य होता कीं चौपाटीच्या बाजूनें येणारा वारा पिंपळाच्या कोवळ्या तांबूस पानांत शिरला तेंही कानांना कळावें. पंचांगांत नव्या संवत्सराचें नांव 'शार्वरी' होतें. शार्वरी म्हणजे रात्र. घरांतल्या वडील माणसांनीं तें वाचून नुसती मान हलविली.

वाडीच्या तोंडाशीं गेलीं कित्येक वर्षें एक बाई गाय घेऊन बसत असे. तिला सर्व जण मावशी म्हणत. ज्याला पुण्य हवें त्यानें तिच्याकडून गवताची जुडी विकत घ्यावी, ती गाईनें खावी आणि त्या पैशांवर मावशीचें घर चालावें, असा हा तिहेरी व्यवहार. देवळें बंद झालीं, कचेऱ्यांत जाणारे घरीं बसले आणि हा व्यवहार एका रात्रींत बुडाला. पुण्याची निकड कोणालाच उरली नव्हती; गाईची भूक मात्र जिथल्या तिथें होती. त्यांत ती आठव्या महिन्याची गाभण. रस्त्यावर गाय उभी करूं देईनात, तेव्हां मावशीनें फाटकापाशीं येऊन विचारलें, "आंत बांधूं का? चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

चार दिवसांचाच प्रश्न आहे असें त्या वेळीं आपण सर्वच समजत होतों!

यावर जिन्यांत, एकेक पायरी सोडून व तोंडाला फडकीं बांधून, वाडीची सभा भरली. एका गृहस्थांना शेणाची व माश्यांची चिंता, दुसऱ्यांना गाईपासून रोग लागतो काय याची. आमच्या आत्याबाई, वय वर्षें ८१, वरच्या कठड्यावरून म्हणाल्या, "पाडव्याच्या दिवशीं दारची गाभण गाय घालवायची असेल, तर गुढ्या आधीं उतरवा." सभा तेथेंच संपली.

आतां आमची फजिती सांगितली पाहिजे. घरोघर पुरण शिजलें होतें, आणि पाहुणा यायचा नव्हता. प्रत्येक बिऱ्हाडानें आपापला गोग्रास खालीं पाठविला. दुपारपर्यंत त्या मुक्या जनावराच्या पोटांत तीसएक पुरणपोळ्या गेल्या असतील. संध्याकाळीं तिची डावी कूस नगाऱ्यासारखी ताणली, रवंथ थांबलें, ती पाय झाडूं लागली. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत शिकलेले एक परिचित डॉक्टर फोनवर भेटले, हें दैव! (हें महाविद्यालय १८८६ पासूनचें, परळ म्हटलें कीं गिरण्याच आठवणाऱ्यांना हें सांगावें लागतें.) त्यांनीं गोडेतेल बेतानें पाजावयास, गाईला बसूं न देतां हळूहळू चालवावयास आणि धान्य पूर्ण बंद करावयास सांगितलें. मावशी रात्रीं अकरापर्यंत तिला अंगणांत फिरवीत होती. आम्हांला ती एवढेंच म्हणाली, "तुम्ही देवाला घालतां तसं हिला घातलंत. देव खात नाही, म्हणून त्याला कांही होत नाही."

गोग्रास घालण्याची चाल आमच्या घरांत चार पिढ्यांची. परंतु गाय दिवसाकांठीं किती खाते हें विचारल्यास आम्हांपैकीं एकालाही सांगतां आलें नसतें. पूर्ण वाढीच्या गाईला पंचवीस-तीस किलो हिरवी वैरण, वर चार-पांच किलो कडबा किंवा पेंढा आणि उन्हाळ्यांत पन्नास-साठ लिटर पाणी लागतें, हें आम्ही त्या आठवड्यांत शिकलों. तीस किलो गवत म्हणजे काय, तें तिसऱ्या मजल्यावरून उतरून स्वतः उचलल्याखेरीज कळत नाहीं.

आणि वैरण आणावयाची कोठून? सरकारी हुकमांत चाऱ्याची आठवण ठेवलेली होती, हें नमूद केलें पाहिजे. २४ मार्चच्या आदेशांत उघड्या ठेवावयाच्या दुकानांत दूध, भाजी यांच्या ओळींतच गुरांच्या चाऱ्याचें नांव आहे, आणि १५ एप्रिलच्या यादींत गोशाळांचेंही आहे. परंतु हुकमानें दुकान उघडतें, हातगाडी ओढणारा परत येत नाहीं. तो गांवीं निघून गेला होता. मग चाळीस बिऱ्हाडांच्या मोऱ्यांजवळ चाळीस टोपल्या ठेवल्या गेल्या. मटाराचीं टरफलें, फ्लॉवरचा पाला, कलिंगडाच्या साली, पुढें वैशाखांत फणसाचीं चारखंडें. मुलें टोपल्या निवडीत. प्लॅस्टिकचा एक तुकडा जरी सांपडला, तरी त्या बिऱ्हाडाचें नांव जिन्यांतल्या फळ्यावर लागे. शेणाची चिंता करणारे गृहस्थ आपण होऊन तराजू घेऊन आले आणि रोजचें वजन वहींत टिपूं लागले. पेंढ्यासाठीं वर्गणी झाली. डॉक्टरांनीं पेंड सांगितली, तीही चार दिवस हिंडून मिळाली.

पहांटे, शहर निःशब्द असतांना, भुलेश्वराच्या बाजूनें हंबरणें ऐकूं येई आणि आमची गाय कान टवकारून उत्तर देई. तें पांजरापोळांतलें हंबरणें. इतक्या वर्षांत तें आम्हीं आमच्या गॅलरींतून कधींच ऐकलें नव्हतें. १८३२ च्या जून महिन्यांत मोकाट कुत्रीं मारण्यावरून मुंबईंत दंगा उसळला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ मध्यें, सर जमशेटजी व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें ही संस्था निघाली. १९४९ मध्यें गोरेगांवास आरे वसाहत झाल्यावर शहरांतले पुष्कळ तबेले तिकडे हलले. पांजरापोळ मात्र दागिन्यांच्या, कापडांच्या दुकानांच्या गराड्यांत जागच्या जागीं आहे. टाळेबंदींत चारा घालावयास येणारे हात घरांत अडकले तरी आंतलीं गुरें काय उपवास करणार होतीं? गोठ्याला सुटी नसते. हें वाक्य आम्हीं पूर्वीं ऐकलें असेल. त्या पहांटे तें कानांवर आलें.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत मावशीची गल्ली रोग्यांमुळें बंद झाली. आमच्यापासून दोनशें पावलांवर कळकांचा आडवा अडसर पडला आणि मावशी त्याच्या पलीकडे राहिली. त्या अडसरामागें जो कायदा होता तो १८९७ चा, प्लेगच्या दिवसांतला; मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत तोच पुन्हां लागू झाला. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉक्टर व्हिएगस यांनीं मांडवींत प्लेग ओळखला आणि मग लाखों माणसें मुंबई सोडून गेलीं. आमचे पणजोबा त्यांतलेच. मात्र घरची गाय बरोबर नेतां न आल्याचा सल त्यांना जन्मभर होता, असें आत्याबाई सांगतात.

आतां रोज सकाळीं मावशी फोनवर शिकवी आणि आम्ही करीत असूं. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीं, २७ एप्रिलच्या पहांटे, गाय व्याली. डॉक्टर एका कानाशीं, मावशी दुसऱ्या. मध्यें आम्ही, ज्यांनीं हिशेबाच्या वह्यांखेरीज कांहीं हातीं धरलेलें नाहीं. सुदैवानें गाईला आमच्या ज्ञानाची गरज पडली नाहीं. तांबूस रंगाची कालवड झाली, तिला आईनें चाटून कोरडें केलें आणि तासाभरांत ती लटपटत कासेला लागली. दुपारच्या आंत वारही पडली. वाडींतल्या सर्व गॅलऱ्या भरून गेल्या होत्या, पण मुलांपैकीं कोणीही आवाज केला नाहीं.

खरा पेंच त्यानंतर आला. कालवड पिऊन उरलेला चीक कासेंत राहिला, कास दगडासारखी होऊं लागली, आणि धार कोणालाच येईना. दोघांनीं प्रयत्न केला, एकाला लाथ बसली. आत्याबाई काठी टेकीत जिन्यांत आल्या. ६५ वर्षांवरील माणसांनीं घराबाहेर पडूं नये असें रोज सांगितलें जात होतें, शेजारच्या इमारतींत दोन वृद्ध त्याच आठवड्यांत गेले होते. आम्हीं त्यांना अडविलें. चुलतभाऊ म्हणाले, "आत्या, एका गाईपायीं तुमचा जीव धोक्यांत घालायचा नाहीं." आत्याबाईंनीं शांतपणें विचारलें, "मग तूं काढतोस धार? काढ. मी वर जातें."

आम्ही बाजूस झालों. तें योग्य केलें कीं अयोग्य, याविषयीं घरांत आजही एकमत नाहीं. पुढचे चौदा दिवस आम्हीं ज्या काळजींत काढले ते विसरावे म्हटलें तरी विसरत नाहींत. कोंकणांत माहेरीं बारा वर्षांची असतांना ज्या हातांनीं त्यांनीं धारा काढल्या होत्या, ते हात जवळजवळ सत्तर वर्षांनीं सडांना लागले. पहिल्या दोन चिळकांड्या भुईवर गेल्या, तिसरी चरवींत वाजली.

खरवस घरोघर दाराशीं ठेवला गेला. एक वाटी अडसरावरून मावशीकडे गेली, पोलिसांनीं स्वतः पोंचविली. मुलांना कालवडीचें नांव 'टाळी' ठेवावयाचें होतें, टाळेबंदींतली म्हणून. आत्याबाईंनीं पंचांग उघडून 'शार्वरी' ठेवलें. पुढें दुधाचा भाव ठरला आणि पैसे वहींत मावशीच्या नांवें जमा होत गेले.

मेअखेर अडसर निघाला. मावशी आली, कालवडीला हात न लावतां बराच वेळ नुसती पाहत उभी राहिली. पावसाच्या तोंडावर दोघींना ती घेऊन गेली. अंगणांत खुंटा आणि वजनाची वही राहिली. शेवटची नोंद २८ किलोंची आहे.

१६ नोव्हेंबरला देवळें उघडलीं आणि मावशी पुन्हां फाटकाशीं बसूं लागली, आतां दोन दावीं घेऊन. आत्याबाई त्या दिवशीं खालीं उतरल्या. मावशीनें संवयीनें एक जुडी पुढें केली. आत्याबाईंनीं ती घेतली नाहीं, कंबरेची पिशवी सोडीत म्हणाल्या, "जुडी राहूं दे. अख्खा भारा केवढ्याला?"