गांधारची वाट आणि खेळातला नकाशा

मागच्या व्याख्यानात आपण 'माहिती असणं' आणि 'ज्ञान असणं' यांतला फरक पाहत होतो. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, या फरकाचं आजचं एखादं उदाहरण द्याल का? रोजच्या बघण्यातलं?" आज ते उदाहरण घेऊन आलो आहोत. विषय ऐकून काहीजण हसतील. विषय आहे व्हिडिओ गेममधले नकाशे. त्यातही ज्यांना ओपन वर्ल्ड म्हणतात, म्हणजे एक भलंमोठं काल्पनिक जग तुमच्यापुढे मोकळं सोडलेलं असतं, पाहिजे तिकडे जा, अशा खेळांतले.

आमचं वय सत्तरीच्या पुढे. या वयात आम्ही तिकडे कसे वळलो, ते आधी सांगतो. सुट्टीत नात आली होती. तिने आमच्या हातात कंट्रोलर दिला आणि 'स्कायरिम' नावाचा खेळ लावून दिला. २०११ सालचा खेळ, पण अजून खेळला जातो. सुरुवातीलाच रिव्हरवुड नावाचं एक छोटं गाव लागतं. तिथल्या दुकानदाराची एक सोन्याची वस्तू चोरीला गेली आहे आणि चोर डोंगरावरच्या एका जुन्या दफनस्थळात लपले आहेत. ती वस्तू आणून द्यायची. पडद्याच्या वरच्या कडेला एक होकायंत्राची पट्टी असते, तिच्यावर एक बाण दिसतो. आम्ही बाण मधोमध ठेवला आणि चालत राहिलो. बऱ्याच धडपडीनंतर पोहोचलोसुद्धा. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात नात म्हणाली, "आबा, आता परत जायची वाट सांगा. बाण न बघता."

आम्हाला सांगता येईना. वाटेत पूल होता की नाही, हेसुद्धा आठवेना. ज्ञानमीमांसा शिकवण्यात आमची सगळी नोकरी गेली, आणि आत्ताच चालून आलेल्या रस्त्याबद्दल एक खात्रीचं वाक्य बोलता येत नव्हतं. तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला.

आता नीट पाहू. नकाशा आपल्याला काय काय सांगतो? आम्ही त्याचे तीन प्रश्न करतो. एक, कुठे काय आहे? दोन, मी कुठे आहे? तीन, माझं तोंड कोणत्या दिशेला आहे? कागदी नकाशा फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. बाकीची दोन आपण शोधायची असतात. कांटने १७८६ साली 'विचार करताना दिशा सापडणं म्हणजे काय' या विषयावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो अंधाऱ्या खोलीचं उदाहरण देतो. खोली ओळखीची असेल तर एका वस्तूला हात लागला की बाकीचं सगळं सापडतं. पण कोणी गंमत म्हणून उजवीकडच्या सगळ्या वस्तू जशाच्या तशा डावीकडे मांडल्या, तर? वस्तूंचे एकमेकांशी संबंध तेच राहिले, तरी आपण चुकणार. मग आपल्याला वाचवतं काय, तर स्वतःच्या उजव्या-डाव्या हाताची जाणीव. म्हणजे दिशा सापडण्यासाठी नकाशात 'मी' असावा लागतो.

खेळ तयार करणाऱ्यांना हा प्रश्न रोज सोडवावा लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात जो छोटा नकाशा असतो, मिनीमॅप, तो उत्तर वर धरून स्थिर ठेवायचा, की तुम्ही वळाल तसा फिरवायचा? फिरता ठेवला तर वळणं घेणं सोपं जातं. पण डोक्यात प्रदेशाचं एकसंध चित्र तयार होणं अवघड होतं, कारण 'वर' म्हणजे काय हेच दर क्षणी बदलतं. स्थिर ठेवला तर चित्र तयार होतं, पण दक्षिणेला चालताना डावं-उजवं उलट करून वाचावं लागतं. दोन्हींत काहीतरी मिळतं, काहीतरी जातं. चांगले खेळ ही निवड खेळणाऱ्यावर सोपवतात.

'हॉलो नाइट' हा २०१७ सालचा खेळ घ्या. तो रूढ अर्थाने ओपन वर्ल्ड नाही, पण उदाहरण फार बोलकं आहे. तिथे कॉर्निफर नावाचा एक नकाशे काढणारा भुयारांतून भटकत असतो. तो सापडला तर त्याच्याकडून त्या भागाचा अर्धवट नकाशा विकत घ्यायचा. त्या नकाशावर तुम्ही स्वतः कुठे आहात ते दिसत नाही! त्यासाठी वेगळं होकायंत्र विकत घ्यावं लागतं. पहिला आणि दुसरा प्रश्न वेगळे आहेत, हे या खेळाने पैसे मोजायला लावून शिकवलं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. 'स्कायरिम' ज्या मालिकेतला आहे, त्याच मालिकेत २००२ साली 'मोरोविंड' आला होता. व्हार्डनफेल नावाचं बेट आणि त्यावर तुम्ही. वर बाण नाही. कुणी काम सांगितलं की वाटही शब्दांत सांगायचा. अमुक गावातून उत्तरेला निघा, पूल ओलांडा, रस्त्याला फाटा फुटेल तिथे पूर्वेची वाट धरा, टेकडीच्या पायथ्याशी दार दिसेल. हे सगळं तुमच्या रोजनिशीत नोंदलं जायचं. मग ती वही उघडून वाचायची, आजूबाजूला बघायचं आणि ठरवायचं. काही ठिकाणी सांगितलेली वाट मोघम होती, काही ठिकाणी चक्क चुकीची. लोक वैतागायचे. २००६ साली पुढचा खेळ आला, 'ऑब्लिव्हियन'. त्यात बाण आला, आणि सापडलेल्या कोणत्याही जागी नकाशावरूनच झटकन जाण्याची सोयही आली. वैताग संपला.

पण बघा, वैतागाबरोबर आणखी काय संपलं? बाण आहे म्हटल्यावर पात्रांना वाट सांगायची गरजच उरली नाही. त्या मालिकेत पुढे बहुतेक कामांत कोणी वाट सांगतच नाही. त्यामुळे आज तुम्ही म्हणालात की मला बाण नको, मी तो बंद करतो, तर मोकळेपणा मिळत नाही. तुम्ही अडकता, कारण बाणाखेरीज ती जागा जगात कुठेच सांगितलेली नसते. 'नको असेल तर बंद करा' हे उत्तर म्हणूनच अपुरं आहे. सोय काढता येते, पण सोयीमुळे जे बांधलंच गेलं नाही, ते कुठून आणणार?

इथे आम्हाला दोन जुन्या गोष्टी आठवतात, आणि दोन्ही वाटेच्याच आहेत.

पहिली ग्रीक. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस विचारतो, लारिसाला जाणारा रस्ता एकाला खरोखर माहीत आहे. दुसरा तिथे कधी गेलेला नाही, पण त्याचा अंदाज बरोबर आहे. दोघेही आपल्याला लारिसाला नेतील. मग ज्ञान आणि बरोबर अंदाज यांत फरक काय? त्याचं उत्तर असं की बरोबर मत हे सुटं असतं, ते पळून जातं. कारणांनी बांधून ठेवलं की त्याचं ज्ञान होतं. बाण म्हणजे हे सुटं बरोबर मत. तो कधी चुकत नाही. पण तो गेला की त्याच्याबरोबर सगळं गेलं. आमच्याजवळ मागे काही उरलं नव्हतं, ते यामुळे.

दुसरी गोष्ट आपली. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, एक दृष्टान्त सांगतो. एका माणसाला डोळे बांधून गांधार देशातून आणलं आणि निर्जन जागी सोडून दिलं. तो चारी दिशांना तोंड करून ओरडतो. कोणीतरी येतो, डोळ्यांवरची पट्टी सोडतो आणि सांगतो, गांधार या दिशेला आहे, या दिशेने जा. आणि मग तो माणूस गावोगाव विचारत, स्वतःची बुद्धी वापरत, गांधारला पोहोचतो. गुरू कशासाठी, ते समजावण्यासाठी हा दृष्टान्त आहे. पण यातला वाट दाखवणारा काय काय करत नाही, ते पाहा. तो हात धरून नेत नाही. पावलापावलाला सांगत नाही. पट्टी सोडतो आणि दिशा दाखवतो, बस. पुढचं काम त्या माणसाचं.

आम्ही म्हणू, चांगल्या नकाशाचं काम हेच आहे. पट्टी सोडायची, दिशा द्यायची.

याचा अर्थ जुनं ते सोनं, असा नाही बरं का. ज्याला दिवसभराच्या कामानंतर तासभरच मिळतो, त्याने तो तास चुकीच्या सांगितलेल्या गुहेच्या शोधात घालवावा, असं आम्ही कुठल्या तोंडाने म्हणणार? आणि आमच्यासारख्यांच्या डोळ्यांचं काय? 'स्कायरिम'चा मोठा नकाशा दिसायला सुंदर. आकाशातून खाली पाहावं तसा, डोंगर उभे, वर ढग. पण रस्ते जेमतेम दिसतात! शेवटी खेळणाऱ्यांनीच रस्ते ठळक दाखवणारे नकाशे तयार करून खेळात बसवले. देखणेपणाने उपयोगावर मात केली की असं होतं. अक्षर मोठं करता आलं पाहिजे. दोन खुणांमधला फरक नुसत्या रंगाने दाखवू नये, आकारही वेगळा हवा, कारण सगळ्यांना सगळे रंग सारखे दिसत नाहीत. डोळ्यांवरची पट्टी सोडणं म्हणजे हेही आलं.

दोन खेळांनी मधली वाट काढलेली दिसते. 'झेल्डा' मालिकेतला २०१७ सालचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' घ्या. त्यात १५ मनोरे आहेत. मनोऱ्यावर चढलं की त्या प्रदेशाचा नकाशा उलगडतो. नद्या, रस्ते, उंच-सखल भाग. पण 'इथे हे करा, तिथे ते करा' अशा खुणांचा सडा पडत नाही. मनोऱ्यावर उभं राहून दुर्बिणीने आपणच चहूकडे पाहायचं, लक्षवेधी काही दिसलं तर आपल्या हाताने नकाशावर खूण लावायची. न्यायशास्त्राच्या भाषेत, आधी प्रत्यक्ष आणि मग नोंद. नकाशावरची खूण ही तुमच्या पाहण्याची खूण असते, म्हणून ती लक्षात राहते.

२०२२ सालचा 'एल्डन रिंग' आणखी वेगळा. तिथे नकाशाचे तुकडे रस्त्याकडेच्या शिळांपाशी शोधावे लागतात. तुकडा मिळेपर्यंत तो भाग धूसर असतो, पण शिळेचं छोटं चिन्ह त्या धूसर भागातही दिसतं. म्हणजे अज्ञान आहे, पण ते कुठे दूर होईल हे कळतं. हाती आलेला नकाशा चित्रासारखा रंगवलेला आहे. खाणींच्या जागी तांबूस ठिपके आहेत. हे कोणी सांगत नाही. दोन-तीन खाणी पाहिल्या की आपल्याच ध्यानात येतं आणि मग नकाशा वाचता येऊ लागतो. जिथे विसावा घ्यायचा तिथून कधीकधी प्रकाशाची एक रेघ एका दिशेला झुकलेली दिसते. किती अंतर, वाटेत काय, काही सांगत नाही. नुसती दिशा. आम्हाला तर तो गांधारचा वाटाड्याच वाटला.

या नकाशांनाही मर्यादा आहेत. एकाच जागी वर किल्ला, मधे दरी, खाली भुयार असेल, तर सपाट चित्र फसवतं. 'एल्डन रिंग'च्या २०२४ सालच्या पुरवणी भागात असे एकावर एक प्रदेश आहेत, आणि नकाशावर शेजारी दिसणाऱ्या जागेकडे जायला भलताच वळसा पडतो. तीन मजली वाड्याचा एकच आराखडा काढला तर जिना कुठे ते कसं कळणार? तिथे नकाशाने अधिक बोलायला हवं होतं, असं आमचं मत आहे.

मग कसोटी काय? आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. नकाशा मिटल्यावर ती वाट तुम्हाला दुसऱ्या कोणाला सांगता येते का? येत असेल तर नकाशाने तुम्हाला शिकवलं. येत नसेल तर त्याने तुम्हाला नुसतं पोहोचवलं. दोन्हीची गरज असते. रात्री दवाखाना गाठायचा असेल तर पोहोचवणाराच नकाशा हवा, तिथे तत्त्वज्ञान नको. पण ज्या जगात आपण राहायला, हिंडायला गेलो आहोत, तिथेही नुसतं पोहोचतच राहिलो, तर आपण तिथे होतो असं म्हणता येईल का? हा प्रश्न खेळापुरता नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. खिशातला फोनही बाणच दाखवतो.

जाता जाता, त्या रिव्हरवुडचं पुढे काय झालं ते सांगतो. नातीने तो बाण बंद करून दिला आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी दुकानदाराच्या बहिणीचं बोलणं नीट ऐकलं. ती काय सांगत होती? गावातून जा, पूल ओलांडा. ती जागा तर इथूनही दिसते, घरांच्या मागच्या त्या डोंगरावर. आम्ही मान वर केली. खरंच, डोंगरावर दगडी कमानी दिसत होत्या. पहिल्या खेपेलाही त्या तिथेच होत्या. तीही तेच बोलली होती. या एका ठिकाणी तरी खेळाने वाट सांगितली होती. बाणामुळे आम्ही ऐकलं नाही आणि पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी नातीला वाट सांगितली. पूल ओलांडायचा, डावीकडे वळायचं, चढ लागेल, मधे चोरांचा एक बुरूज लागतो तिथे जपून, मग बर्फ, मग कमानी. ती म्हणाली, "आबा, पास."

पुढच्या वेळी याच धाग्याने शब्दप्रमाणाकडे जाऊ. दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास कधी ठेवावा, आणि 'आप्त' कोणाला म्हणावं? तोवर एक काम करा. रोजच्या जाण्यायेण्यातली एक वाट निवडा आणि ती फोन न बघता कोणाला तरी सांगून पाहा. कुठे अडखळता ते लिहून आणा. तिथूनच सुरुवात करू.