फ्रेंच क्रियापद : उच्चारखंड आणि आघात

• खंड कानाने मोजा. ‘पार्ले’ (बोलणे) या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांची वर्तमानकाळी रूपे तीन प्रकारे लिहितात; उच्चार मात्र एकच, एका खंडाचा : पार्ल. ‘आम्ही’चे रूप दोन खंडांचे : पार्-लों.

• एकटे व्यंजन पुढे जाते. दोन स्वरांमधले व्यंजन पुढच्या खंडाला मिळते : फि-नि-सों (आम्ही संपवतो).

• शब्द जोडले जातात. ‘तो प्रेम करतो’ : इ-लेम. ‘ते प्रेम करतात’ : ईल-झेम. अनेकवचन त्या ‘झ’वरूनच कळते.

• आघात समूहाच्या शेवटी. ‘ईल पार्ल’मध्ये तो ‘पार्ल’वर पडतो, ‘ईल पार्ल ब्यँ’ (ते चांगले बोलतात) म्हणताच ‘ब्यँ’वर सरकतो.